नाव चर्चेत आहे

मराठी बातम्यांत एक वाक्य दर पाच वर्षांनी हमखास उगवतं: 'राष्ट्रपतिपदासाठी अमुक यांचं नाव चर्चेत आहे.' हे वाक्य एकदा सावकाश वाचून बघा. चर्चा कोण करतंय? कुठे? किती जण? नाव मुळात काढलं कुणी? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं. तरीही आपण ते वाचतो, मान डोलावतो, स्क्रीनशॉट काढतो आणि गावाच्या ग्रुपवर टाकतो.

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांची मुदत २०२७च्या जुलैमध्ये संपते. त्याआधीच्या उन्हाळ्यात या वाक्याचा मोसम पुन्हा येईल. त्या गर्दीत शिरण्याआधी या लिखाणाकडे एक लेखनप्रकार म्हणून बघावं, असं मला वाटलं. कथा-कवितेची समीक्षा होते, सिनेमाची होते, हल्ली रीलचीही होते. पण कथा-कवितेच्या कितीतरी पट जास्त वेळा आपण जे वाचतो, त्या 'संभाव्य नावां'च्या लेखांची समीक्षा सहसा कुणी करत नाही. त्यांची भाषा कशी असते, रचना कशी असते, ते वाचकाच्या हातात नेमकं काय ठेवतात?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या लेखांचे अंदाज चुकतात, ही माझी तक्रार नाही. अंदाज चुकायचेच. तक्रार ही आहे की 'कोण होणार?' या प्रश्नात ते इतके रमतात की 'झाल्यावर काय करणार?' हा प्रश्न विचारलाच जात नाही. आणि गंमत म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळवण्याचा मार्ग बहुतेकांकडे नसतो, दुसऱ्याचं मात्र बरंचसं उत्तर सगळ्यांच्या समोर पडलेलं असतं.

लग्न, जुगार आणि अनुष्ठान

आधी भाषा. या लेखांतले शब्दप्रयोग मी एकदा एका वहीत लिहून काढले. गळ्यात माळ पडणार. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेत. लॉटरी लागणार. पत्ता कट. हुकमाचा एक्का. वर्णी लागणार. चर्चेला उधाण. राजकीय वर्तुळात खळबळ. अनेकांच्या भुवया उंचावल्या.

यातले निवडीशी संबंधित शब्द वेगळे काढले की तीन ढीग होतात. माळ आणि बाशिंग लग्नातलं. लॉटरी, पत्ता, एक्का जुगारातलं. आणि 'वर्णी' हा शब्द मुळात अनुष्ठानासाठी ब्राह्मण नेमण्याच्या रीतीतला. म्हणजे लग्न, जुगार आणि अनुष्ठान. निवडणुकीबद्दलच्या लिखाणात निवडणुकीचे शब्द जवळजवळ नाहीत. मत, प्रस्ताव, पाठिंबा, विरोध हे शब्द आले तर शेवटच्या परिच्छेदात येतात.

हे शब्द उगाच आलेले नाहीत. तिन्ही ढिगांत एक गोष्ट समान आहे: ज्याचं भलं होतं, त्याने स्वतः काहीच केलेलं नसतं. माळ दुसरा घालतो, लॉटरी लागते, वर्णी लावली जाते. उमेदवार हा एखादी कृती करणारा माणूस आहे, हे या भाषेत सांगताच येत नाही. तो वाट बघणारा माणूस असतो.

दुसरा शब्द 'चेहरा'. दलित चेहरा, आदिवासी चेहरा, महिला चेहरा, मराठी चेहरा. प्रत्येक नावापुढे हे विशेषण चिकटलेलं असतं आणि पुष्कळदा लेखातली सगळी माहिती तेवढीच असते. ज्या समाजाला कधी जागा मिळाली नाही त्याला ती मिळणं ही मोठी गोष्ट आहे, तिला मी क्षुल्लक मानत नाही. पण चेहरा हा बघायचा असतो. त्या माणसाने तीस-चाळीस वर्षांत काय म्हटलं, काय केलं, कशाला नाही म्हटलं, हे 'चेहरा' म्हटल्यावर विचारायची गरजच उरत नाही.

आणि तिसरा शब्द, या सगळ्या प्रकाराचा राखणदार: 'धक्कातंत्र'. चर्चेतल्या दहा नावांपैकी एकही आलं नाही, अकरावंच आलं, की दुसऱ्या दिवशी मथळा येतो, अमुक नेत्याचं धक्कातंत्र. अंदाज लेखकाचा चुकला आणि कौतुक नेत्याचं झालं. आमच्या धंद्यात प्रोग्राम बरोबर चालतो का हे तपासायला टेस्ट लिहितात. प्रोग्राम कसाही वागला तरी पास होणारी टेस्ट कुणी लिहिली तर ती टेस्टच नव्हे, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. 'संभाव्य नावां'चा लेख ही तशी टेस्ट आहे. नाव आलं तर 'आम्ही आधीच सांगितलं होतं', नाही आलं तर 'धक्कातंत्र'. तो कधीच नापास होत नाही.

आमच्याकडे अजून एक सोय असते. गिट नावाच्या साधनात 'ब्लेम' अशी एक आज्ञा आहे. ती दिली की फाइलमधली कुठली ओळ कुणी आणि कधी लिहिली ते समोर येतं. नावात दोष देणं असलं तरी तिचा उपयोग दोष देण्यापेक्षा, ही ओळ इथे का आली हे समजून घ्यायला जास्त होतो. 'नाव चर्चेत आहे' या ओळीवर ब्लेम चालवता येत नाही. 'समजते', 'बोलले जाते', 'सूत्रांनी सांगितले' असं प्रत्येक क्रियापद मागे एक दार बंद करत जातं.

ज्यांना मत नाही त्यांची निवडणूक

आता वाचकाकडे येऊ. म्हणजे माझ्यासारख्यांकडे.

माझं गाव मांजरसुंबा. बीडहून घाट चढून आलं की लागणारा चौक. एक रस्ता बीडकडे उतरतो, एक सोलापूरकडे जातो, एक पाटोद्यावरून नगरकडे आणि एक केज-अंबाजोगाईकडे. पुण्याला जाणाऱ्या गाड्या इथे थांबतात, ऊसतोडीला निघालेले ट्रक इथून जातात, मोसमात सीताफळांच्या पाट्या रस्त्याकडेला मांडलेल्या असतात. चार रस्त्यांची माणसं चहाला थांबतात, त्यामुळे राजकारणावर बोलायला इथे कधी माणूस कमी पडत नाही. फ्लेक्सवर 'भावी' हा शब्द तर बारमाही. भावी सरपंच, भावी आमदार, भावी मंत्री. 'नाव चर्चेत आहे' याचाच तो गावठी भाऊ. फरक एवढाच, की फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकाचं नाव आणि फोटो असतो. कर्ता असतो.

२००७ साली मी प्राथमिक शाळेत होतो. तेव्हा राष्ट्रपतिपदासाठी शिवराज पाटील-चाकूरकर यांचं नाव जोरात होतं. लातूर म्हणजे आमच्या चौकातून अंबाजोगाईच्या रस्त्याने पुढे. चौकातल्या हॉटेलात पेपर वाचून दाखवला जायचा आणि 'आपल्या मराठवाड्याचा माणूस' यावर तासभर बोलणं चालायचं. माझे आजोबा ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "आपलं मत हाय का तिथं?" सगळे हसायचे. पण प्रश्न साधा नव्हता.

आपलं मत तिथे नाही. राष्ट्रपती निवडतात संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. हा आकडा येतो राज्याची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, भागिले एक हजार या हिशोबातून. आणि लोकसंख्या धरतात १९७१च्या जनगणनेची, महाराष्ट्राची तेव्हाची पाच कोटी चार लाख. २०२६नंतरची पहिली जनगणना येईपर्यंत घटनेने तोच आकडा गोठवून ठेवला आहे. म्हणजे २०२२च्या राष्ट्रपती निवडणुकीत आमच्या घरातून आजोबा मोजले गेले, तेव्हा पाळण्यात असलेले वडील मोजले गेले, मी आणि माझी बहीण मोजलो गेलो नाही. बीड जिल्ह्याचे सहा आमदार, म्हणजे १,०५०. बीडच्या खासदाराचं मत ७००. एकूण १,७५०. देशभरचं सगळं मिळून त्या वर्षीचं मूल्य होतं १०,८६,४३१.

ही मतं गुप्त असतात, पक्षाचा व्हिप तिथे चालत नाही. तरी उमेदवार जाहीर होतो तेव्हा निकाल बहुतेक वेळा ठरलेला असतो. म्हणजे खरा निर्णय होतो तो जाहीर होण्याच्या आधी, एका खोलीत. अमेरिकेतही निवडणुकीच्या दोन-दोन वर्षं आधीपासून संभाव्य नावांचा असाच बाजार भरतो, तिथेही सूत्रं आणि चर्चा असतातच. पण तिथे शेवटी आयोवा-न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांतून पक्षाचे साधे मतदार रांगेत उभे राहतात आणि त्या चर्चेचं काय ते करून टाकतात. आपल्याकडे चर्चा संपते ती पत्रकार परिषदेत. खोली जितकी बंद, तितकी बाहेर कुजबुज जास्त.

म्हणून चौकातल्या त्या तासभराच्या बोलण्याला मी हसणार नाही. ज्यांना मत नाही, त्यांना निवडणुकीत भाग घ्यायचा तोच एक मार्ग होता. 'संभाव्य नावां'चा लेख या भुकेवर जगतो. तो आपल्याला दिल्लीच्या जवळ नेल्यासारखं करतो. आपल्या भागाचं, आपल्या भाषेचं, आपल्या जातीचं नाव त्या यादीत आहे म्हणजे आपणही कुठेतरी मोजले जातोय, असं वाटायला लावतो. खऱ्या मोजणीत मात्र आपण १९७१मध्येच अडकलेलो असतो.

चार प्रकारची नावं

या लेखांची बाजूही मांडली पाहिजे. चर्चेतली सगळी नावं निरर्थक नसतात. मागच्या काही निवडणुका एकत्र ठेवून पाहिल्या तर नावांचे चार प्रकार दिसतात.

पहिलं, चाचपणीचं नाव. ते सोडलं जातं आणि कोण नाक मुरडतंय ते पाहिलं जातं. २००२ साली महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांचं नाव सत्ताधारी आघाडीत पुढे होतं. काँग्रेसने विरोध केला आणि अखेर ए. पी. जे. अब्दुल कलाम आले. २००७मध्ये शिवराज पाटलांच्या नावाला डाव्या पक्षांनी मान्यता दिली नाही आणि १४ जूनला राजस्थानच्या राज्यपाल प्रतिभाताई पाटील यांचं नाव जाहीर झालं. इथे चर्चा हीच खरी प्रक्रिया होती. नाव चर्चेत आल्यामुळेच ते मागे पडलं.

दुसरं, मानाचं नाव. हे दर वेळी यादीत असतं. ते आलं नाही तर यादी अपुरी वाटते. २०१७मध्ये लालकृष्ण अडवाणी यांचं नाव असं होतं. शरद पवार यांचं नाव तर वर्षानुवर्षं आहे. २०२२मध्ये १५ जूनच्या दिल्लीतल्या बैठकीत विरोधकांनी त्यांना खरोखरच गळ घातली आणि त्यांनी नकार दिला. त्यांच्यानंतर फारुख अब्दुल्ला आणि गोपालकृष्ण गांधी यांनीही नाही म्हटलं आणि मग यशवंत सिन्हा यांचं नाव ठरलं.

तिसरं, कोंडीचं नाव. ते जिंकण्यासाठी नसतंच. १३ जून २०१२ला ममता बॅनर्जी आणि मुलायमसिंह यादव यांनी तीन नावं दिली, त्यातलं एक होतं पदावर असलेले पंतप्रधान मनमोहन सिंग यांचं. पंतप्रधानांना राष्ट्रपती करा, या सूचनेचा खरा अर्थ काय हे सगळ्यांना कळलं. दोनच दिवसांत प्रणव मुखर्जींचं नाव जाहीर झालं. २०१७मध्ये शिवसेनेने सरसंघचालक मोहन भागवत यांचं नाव पुढे केलं, तेही मित्रपक्षाला कोड्यात टाकण्यासाठी. भागवतांनी ते लगेच नाकारलं.

चौथं, खरं नाव. ते बहुतेक वेळा तेव्हा कुणी उच्चारत नाही. २००७मध्ये प्रतिभाताईंचं असं झालं. १९ जून २०१७ला रामनाथ कोविंद यांचं नाव आलं तेव्हा अनेकांनी आधी फोनवर ते कोण हे शोधलं. बिहारचे राज्यपाल, त्याआधी बारा वर्षं राज्यसभेत. माहिती होती, यादीत नाव नव्हतं.

द्रौपदी मुर्मू यांचा किस्सा यात वेगळा. २०१७च्या याद्यांत त्यांचं नाव ठळक होतं. तेव्हा आलं नाही, पाच वर्षांनी आलं. याद्या करणारे बरोबर होते, फक्त तारीख चुकली. आणि २१ जून २०२२च्या रात्री ते नाव जाहीर झालं तेव्हा निदान आमच्या ग्रुपवर त्याची कुणी दखल घेतली नाही. महिनाभर राष्ट्रपती कोण यावर अंगठे झिजवलेले सगळे जण त्या दिवशी सुरतच्या हॉटेलात किती आमदार आहेत ते मोजत होते. ते बंड कुणाच्याही यादीत नव्हतं. नऊ दिवसांनी एकनाथ शिंदे मुख्यमंत्री होतील, हे त्यांच्या नावाची घोषणा खुद्द देवेंद्र फडणवीसांनी करेपर्यंत बहुतेकांच्या यादीत नव्हतं.

चांगल्या लेखाने वाचकाला हे चार प्रकार वेगळे करून दाखवायला हवेत. हे नाव कुणी सोडलं, त्याचा फायदा कुणाला, कोण ते अडवू शकतं? पण आपल्या याद्यांत सगळी नावं एका ओळीत उभी असतात, सारख्याच आकाराचे गोल फोटो लावून.

सही

आता माझा मुख्य मुद्दा. राष्ट्रपती काय करतो? भाषणं, परेड, पदकं हे आहेच. पण त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं खरं काम एका गोष्टीवर येतं: समोर आलेल्या कागदावर सही करायची की तो परत पाठवून विचारायचं, हे का?

घटनेने त्याला फार मोकळीक दिलेली नाही. मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा परत पाठवता येतो. तोच पुन्हा आला की मानावा लागतो. विधेयकाचंही तसंच. कलामांनी २००६मध्ये लाभाच्या पदांचं विधेयक परत पाठवलं, संसदेने पुन्हा पाठवलं, त्यांनी सही केली. झैलसिंगांनी १९८६चं टपाल विधेयक ना सही करून दिलं, ना परत केलं, नुसतं ठेवून दिलं. फट छोटी आहे, पण आहे.

आणि ती बंद असली की काय होतं, हेही आपल्याला माहीत आहे. २५ जून १९७५च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या कागदावर सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकही झालेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. मे २००५मध्ये बिहार विधानसभा बरखास्त करण्याच्या कागदावर कलामांनी रशियाच्या दौऱ्यात असताना रात्री सही केली. सर्वोच्च न्यायालयाने पुढे ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली.

महाराष्ट्राला तर याचा ताजा अनुभव आहे. २३ नोव्हेंबर २०१९, पहाटे ५ वाजून ४७ मिनिटं. राज्यातली राष्ट्रपती राजवट उठवल्याची अधिसूचना त्या वेळेची आहे. मंत्रिमंडळाच्या बैठकीशिवाय, पंतप्रधानांच्या विशेष अधिकारात शिफारस गेली, राष्ट्रपती कोविंद यांची सही झाली आणि आठच्या सुमारास फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकला. ते सरकार चार दिवसही टिकलं नाही. 'पहाटेचा शपथविधी' म्हणून आपण त्यावर हजारो मीम बनवले. शपथ घेणारे दोघे त्या मीममध्ये आहेत, राज्यपालही आहेत. ज्या सहीशिवाय ती पहाट उगवलीच नसती, ती सही मात्र मी एकाही मीममध्ये पाहिलेली नाही.

२०१७च्या उन्हाळ्यातल्या याद्यांत कुठेतरी हा प्रश्न असायला हवा होता: या माणसासमोर पहाटे कागद आला तर तो 'मंत्रिमंडळाची बैठक झाली का?' एवढं तरी विचारेल का? हा प्रश्न कुठल्याच पक्षाच्या बाजूचा नाही. आणीबाणीचा कागद काँग्रेसचा होता, बिहारचाही त्यांच्याच आघाडीचा, पहाटेचा भाजपचा.

तुम्ही म्हणाल, हे आधी कसं कळणार? काही प्रमाणात कळतं. आणि इथेच या लेखनप्रकाराची खरी चूक दिसते.

प्रतिभाताई पाटील राजस्थानच्या राज्यपाल असताना, २००६मध्ये, वसुंधरा राजे सरकारने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर करून त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी सही न करता ते परत पाठवलं. द्रौपदी मुर्मू झारखंडच्या राज्यपाल असताना रघुवर दास सरकारने छोटानागपूर आणि संथाल परगणा या दोन कुळकायद्यांत दुरुस्त्या केल्या. आदिवासींच्या शेतजमिनी बिगरशेती कामासाठी वापरायला वाट करून देणाऱ्या. सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं. त्यांनी २०१७मध्ये ती विधेयकं परत पाठवली, आणि यातून आदिवासींचा फायदा काय, असं विचारलं. तारीख पुन्हा बघा: २०१७चा उन्हाळा. म्हणजे ज्या आठवड्यांत त्यांचं नाव राष्ट्रपतिपदाच्या प्रत्येक यादीत 'आदिवासी चेहरा' म्हणून झळकत होतं, त्याच आठवड्यांत त्या राष्ट्रपतीला जे काम करावं लागतं नेमकं तेच काम रांचीत करत होत्या. चेहरा दिसत होता, हात दिसला नाही.

दोघींच्या निवडीच्या वेळी ही माहिती गुप्त नव्हती. कुठल्या सूत्राची गरज नव्हती. २००७मध्ये शिवसेनेने आघाडी मोडून प्रतिभाताईंना मराठी म्हणून पाठिंबा दिला तेव्हा महिनाभर मराठीपणावर, पहिल्या महिला राष्ट्रपतीवर बोललं गेलं. जळगाव-एदलाबादमधून निवडून येत राहिलेली, राज्यात मंत्री आणि विरोधी पक्षनेता राहिलेली ही बाई परत पाठवायची हिंमत दाखवून आली आहे, हे चौकातल्या हॉटेलात कुणी वाचून दाखवलं नाही. ते आमच्याकडे येणाऱ्या पेपरात असतं तर आजोबांनी नक्की ऐकलं असतं. कुळकायदा त्यांना 'चेहरा' या शब्दापेक्षा जास्त कळायचा.

राज्यपाल असताना एक कागद परत पाठवला म्हणून राष्ट्रपती झाल्यावरही तसंच होईल, याची हमी नाही. पण पावसाचा अंदाजही हमी नसतो, तरी मागच्या नोंदींवरून बांधतात. इथे तर नोंदीच कुणी उघडत नाही.

चिंतामणरावांची गोष्ट

मराठी माणूस राष्ट्रपती व्हावा, या चर्चेत एक नाव फारसं येत नाही. १९६९च्या निवडणुकीत एक मराठी उमेदवार होता. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं होतं. १९६९ला स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर ते उभे राहिले.

ती निवडणूक आठवते ती इंदिरा गांधी आणि सिंडिकेटच्या भांडणासाठी. व्ही. व्ही. गिरी विरुद्ध नीलम संजीव रेड्डी. पहिल्या पसंतीत कुणालाच पुरेशी मतं मिळाली नाहीत. तिसऱ्या क्रमांकावरच्या देशमुखांना १,१२,७६९ इतकी मतमूल्यं मिळाली होती. दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली. गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. आजवर फक्त त्याच निवडणुकीत दुसऱ्या पसंतीने निकाल लागला.

ज्याने एकदा खुर्ची सोडून 'नाही' म्हणून दाखवलं होतं, असा माणूस मतपत्रिकेवर होता. 'मराठी चेहरा' या खणात तो नीट बसत नसावा, कारण त्याच्याबद्दल सांगायचं म्हटलं तर त्याने काय केलं हेच सांगावं लागतं.

मग काय वाचायचं?

चर्चा बंद करा, असं मी म्हणणार नाही. चौकात बसून ते म्हणणं हास्यास्पद होईल. शिवाय माणसांना नावांत रस असतो, धोरणांत नंतर. मुद्दा एवढाच, की तोच वेळ, तोच मोबाइल डेटा जरा बऱ्या लेखावर खर्च व्हावा. असा लेख लिहायला दिल्लीत ओळख लागत नाही. यादीत राज्यपाल असेल तर त्याच्या काळात किती विधेयकं किती दिवस पडून राहिली, कुठलं परत गेलं, का गेलं, हे विधानसभेच्या कामकाजात आणि जुन्या बातम्यांत सापडतं. सभापती असेल तर अपात्रतेच्या अर्जावर निर्णय द्यायला किती वेळ लावला ते पाहता येतं. महाराष्ट्रात राहून त्या वेळेची किंमत आपल्याला कुणी समजावून द्यायला नको. न्यायाधीश असेल तर निकाल आहेत. खासदार असेल तर पक्षाच्या विरोधात एकदा तरी बोललाय का, हे सापडतं. आणि निकालानंतर लेखकाने परत येऊन सांगावं, मी काय म्हटलं होतं आणि काय झालं. 'धक्कातंत्र' हा शब्द न वापरता.

उपराष्ट्रपतिपदाची २०२५ची निवडणूक ही या सगळ्याची छोटी रंगीत तालीम होती. २१ जुलैला जगदीप धनखड यांनी अचानक राजीनामा दिला, पुन्हा याद्या निघाल्या, आणि १७ ऑगस्टला नाव आलं ते महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांचं. ९ सप्टेंबरला ते ४५२ विरुद्ध ३०० मतांनी निवडून आले. वर्षभरापेक्षा जास्त काळ ते मुंबईत राजभवनावर होते. राज्यातल्या सगळ्या कागदांवर त्यांची सही होत होती. त्या महिन्यात त्यांच्याबद्दल मी जे काही मराठीत वाचलं त्यात तामिळनाडूचं गणित होतं, समाजाचं गणित होतं, संघाशी असलेलं नातं होतं. महाराष्ट्रात त्यांच्यासमोर कुठले कागद आले आणि त्यांनी त्यांचं काय केलं, हे मात्र वाचायला मिळालं नाही. ते लिहिणं मराठी लेखकांइतकं सोपं दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

२०२७चा उन्हाळा येईल. मांजरसुंब्याच्या चौकात फोन फिरतील, गोल फोटोंच्या याद्या फिरतील, त्यात कदाचित एखादं मराठी नाव असेल आणि आपल्याला बरं वाटेल. बरं वाटू द्यायला हरकत नाही. फक्त यादी पुढे पाठवण्याआधी खाली एक ओळ टाइप करा: 'यांनी आजवर कुठला कागद परत पाठवलाय?' ग्रुपवर थोडा वेळ शांतता होईल. मग कुणीतरी शोधायला लागेल.